वळिवड्याच्या कॅम्पातली हान्या

गांधीनगरच्या बाजारात एक गोरा माणूस आपलं नाव घेत हिंडतोय, ही बातमी लेकानं आणली तेव्हा चिमणाबाई गोठ्यात शेण भरत होती.

"आये, चिमणा दूधवाली कुठं ऱ्हाती म्हणून इचारतोय," मोकळ्या किटल्या उंबऱ्याशी ठेवत हंबीरराव म्हणाला. "कापडवाल्या शेठनं मला हाक मारली. मी म्हटलं, माझीच आई हाय की ती! तर त्या गोऱ्यानं माझं दोन्ही हात धरलं आणि सोडंचना."

चिमणाबाईच्या हातातली पाटी तशीच खाली आली.

"संगं बाई हाय का?"

"हाय की. कोल्हापुरात कॉलेजात शिकवत्यात त्या बाई. त्याचं बोलणं समजावून सांगाया."

"तसली न्हवं रं. गोरी बाई. तुझ्यापरास थोडी थोरली."

"न्हाय बा. येकटाच हाय. उद्या सकाळच्याला घरी येतो म्हणालाय."

चिमणाबाईनं कसेबसे हात धुतले आणि ती अंगणात आली. गणपतराव लिंबाखाली बसून म्हशीच्या दाव्याला पीळ भरत होते.

"अवं, ऐकलंसा का? हान्याकडचं कोणतरी आलंय."

गणपतरावांचा हात थांबला. मग पुन्हा पीळ भरू लागला. "येऊंदे," एवढंच ते म्हणाले. त्या घरात ते नाव किती वर्षांनी उच्चारलं गेलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

आज त्या माळाला सगळे गांधीनगर म्हणतात. फाळणीनंतर सिंधी मंडळी तिथं वसली, कापडाची दुकानं निघाली, लग्नाचा बस्ता बांधायला पार गारगोटी-राधानगरीकडची माणसं येऊ लागली. पण त्याआधी तिथं पोलंडचे लोक राहत होते, हे कोल्हापुरातसुद्धा आता फार थोड्यांना ठाऊक आहे. लढाईच्या दिवसांत रशियानं त्यांना घरादारातनं उचलून बर्फाच्या मुलखात नेऊन टाकलं होतं. तिथनं सुटलेली बायकापोरं इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि हजारोंनी वळिवड्याच्या माळावर राहिली. बाप्ये नावालाच. बाकीचे फौजेत. गावानं त्या वस्तीला 'पोलंडचा कॅम्प' असं नाव देऊन टाकलं. बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, सगळं उभं राहिलं. बायकांनी बराकीपुढं फुलझाडं लावली. टोपी घातलेल्या मडमा वांग्यांचा भाव करू लागल्या, आणि पंचगंगेत पोहणाऱ्या त्यांच्या पोरी बघून गावातल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

गणपतरावांच्या दुधाचा रतीब त्या कॅम्पात होता. चिमणाबाई तेव्हा नुकती विशीला टेकलेली. चैत्रात तिला पहिली मुलगी झाली आणि पाचवी पुजायच्या आधीच गेली. पोर गेली, पण अंगावरच्या दुधाला ते कोण सांगणार? छाती दगडासारखी झाली. सासू धोंडुबाई दूध आटावं म्हणून छातीला मोगऱ्याची फुलं बांधायची आणि म्हणायची, "आटंल हळूहळू. रडू नगंस, रडलं की आणखी येतंय."

त्याच दिवसांत एकदा जेवताना गणपतराव सहज बोलून गेले, "दवाखान्यातली नर्स गाईचं पातळ दूध मागती. येक मडम बाळंतपणात गेली. पोर म्हशीचं दूध ठेवून घीना. सगळं उलटून टाकतीया."

चिमणाबाई चुलीपुढं होती. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

"मला नेतासा का?" ती म्हणाली.

"कुठं?"

"कॅम्पात. त्या पोरीकडं."

धोंडुबाईनं हातातलं भांडं आपटलं. "किरिस्तावाची पोर अंगावर पाजणार? आमची जात बाटवाया निघालीस व्हय गं?"

गणपतराव मान खाली घालून घास चावत राहिले. मग म्हणाले, "आये, दुधाचं पैसं घेताना कंदी जात आडवी आली न्हाय. आताच कशी काय आली?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बैलगाडीत किटल्यांशेजारी बायकोला बसवलं.

दवाखान्यात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते पोर म्हणजे नुसती हाडं होती. रडायचाही जोर राहिला नव्हता. शेजारी तिची मावशी उभी होती. पोलंडची मुलं मावशीला 'चोचा' म्हणतात, म्हणून चिमणाबाईही पुढं तिला चोचाच म्हणू लागली. चोचानं या लुगड्यातल्या बाईकडं संशयानं बघितलं, मग पोर पुढं केलं. पोरीनं आधी तोंड फिरवलं, मग छाती अशी घट्ट धरली की चिमणाबाईच्या डोळ्यांतनं पाणी आलं. ते दुखण्याचं होतं की सुटकेचं, तिचं तिलाच कळेना. समोर बघते तर चोचाही रडत होती. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. त्याची गरजही पडली नाही.

पोरीचं नाव हान्या. धोंडुबाई म्हणाली, "हानी म्हंजे नुकसान की गं! असलं नाव तोंडात घिऊ नगा." पण नाव तेच राहिलं. पोर सावरली तशी रतिबाच्या गाडीतनं वळिवड्यात येऊ लागली, पण पहिलं वर्षभर धोंडुबाईनं पोरीला उंबरा ओलांडू दिला नाही, चिमणाबाई अंगणातच लिंबाखाली पाजायची. मग एकदा हान्या रांगत आत गेली, धोंडुबाईच्या पायाला धरून उभी राहिली आणि हसली. त्या दिवसापासून म्हातारीच तिला काजळ घालू लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळू लागली. "गोरं कातडं हाय, दिष्ट लवकर लागती," असं गावाला सांगू लागली.

दूध तुटलं तरी हान्याचं येणं तुटलं नाही. सकाळी रतिबाच्या गाडीतनं ती वळिवड्यात यायची, संध्याकाळी चोचाचा मुलगा तादेक, बारा-तेरा वर्षांचा, तिला खांद्यावर बसवून कॅम्पात न्यायचा. कॅम्पात ती पोलंडचं बोलायची आणि वळिवड्यात आली की, "आजे, भाकर दे की!" म्हणून धोंडुबाईचा पदर ओढायची. चिमणाबाईला 'आये' म्हणायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. गल्लीतली पोरं आपापल्या आयांना जे म्हणत, तेच ती म्हणायची.

लढाई संपली. देश स्वतंत्र झाला. कॅम्प हळूहळू मोकळा व्हायला लागला. हान्याचा बाप फौजेतनं जिवंत सुटला होता आणि विलायतेत राहिला होता. त्यानं लेकीला, चोचाला आणि तादेकला बोलावून घेतलं. पोटच्या पोरीचं तोंड त्यानं अजून पाहिलं नव्हतं. चोचानं दवाखान्यातल्या नर्सला मध्ये घालून हे चिमणाबाईला सांगितलं, तेव्हा चिमणाबाई म्हणाली, "बापाची लेक हाय, बापाकडं जायाच पायजे." तिनं हे इतक्या शहाणपणानं सांगितलं की चोचा तिच्याकडं बघतच राहिली.

पण वळिवड्याच्या स्टेशनात गाडी उभी राहिली तेव्हा ते शहाणपण कुठल्या कुठं गेलं. हान्या डब्यात चढेना. चार वर्षांची पोर, तिनं चिमणाबाईच्या गळ्याला मिठी घातली ती सुटेना. चोचानं ओढलं, तादेकनं ओढलं. शिट्टी झाली. चिमणाबाईनं पोरीच्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "तू फुडं हो, बाळा. म्या आलोच."

"खरं?"

"खरंच. घरात आजीला सांगतो आणि आलोच की मागनं."

मिठी सैल झाली. हान्या आपल्या पायानं डब्यात चढली. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतनं रडत नव्हती, हात हलवत होती. लोक रडत होते, गाणी म्हणत होते, आणि ती एकटी हसत होती.

घरी येताना चिमणाबाई बैलगाडीत आडवी पडून राहिली. गणपतरावांनी मागं वळून पाहिलं नाही. पुढं वर्षभरानं हंबीरराव झाला, त्याच्यामागं दोन मुली झाल्या, धोंडुबाई गेली, शेतात इंजिन बसलं. हान्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. पण चिमणाबाईच्या मनात ती पोर वाढत होती. दिवाळीला दोघी मुलींना न्हाऊ घालताना मनातल्या मनात तिसरीच्या डोक्यावर तेल पडायचं. आता ती शाळेत जात असंल. आता पदर आला असंल, तिकडं पदर नसला तरी. आता लगीन झालं असंल. नवरा बरा असावा, हात उगारणारा नसावा. आता लेकरं असतील, निळ्या डोळ्यांची. गांधीनगरात कापड घ्यायला गेलं की चिमणाबाई पूर्वीच्या बराकी ओळखायची आणि थोडा वेळ उभी राहायची. दुकानदार विचारायचा, "मावशी, क्या देखती हो?" ती म्हणायची, "काय न्हाय. सावली बगतो."

तर उद्या सकाळी हान्याकडचं माणूस येणार होतं. जावई असेल. नाहीतर हान्यानंच कुणाला पाठवलं असेल, कारण तिला स्वतःला लेकराबाळांतनं निघता येत नसेल. चिमणाबाईनं अंगण सारवलं, सून लीलाला उसळीला मटकी भिजवायला लावली. "पावणं तिखट खात न्हाईत, येगळी काढ," असं पुन्हा पुन्हा बजावलं. लीलाला नवल वाटलं. सासूला असं लगबगीनं वावरताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी रिक्षा दाराशी थांबली. आधी उतरल्या सरोजिनीबाई, कोल्हापुरात कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या. मागनं उंच, पिकल्या केसांचा, पंचेचाळिशीचा माणूस. त्यानं अंगणातला लिंब पाहिला, गोठा पाहिला, मग चिमणाबाईला पाहिलं आणि तो वाकला. पायाला हात लावायची त्याला सवय नव्हती, हात गुडघ्याशीच अडखळला.

"तादेक?" चिमणाबाई म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"आगं बाई! हान्याला खांद्यावर घिऊन जाणारा तादेक हाय हो ह्यो!" ती नवऱ्याकडं वळून म्हणाली. गणपतराव पुढं आले आणि त्यांनी पाहुण्याला हाताला धरून ओट्यावर नेलं. लीलानं पाण्याचा तांब्या आणि गूळ आणून ठेवला.

"मावशी," सरोजिनीबाई म्हणाल्या, "यांना मराठी थोडं समजतं, पण बोलायला जमत नाही आता. ते मला इंग्रजीत सांगतील, मी तुम्हाला सांगेन. मी दहा वर्षं इतिहास शिकवते, पण इथं असा कॅम्प होता हे मला यांच्याकडूनच कळलं. आमच्या पुस्तकांत चार ओळीसुद्धा नाहीत."

"पुस्तकातलं ऱ्हाऊंदे वो बाई," चिमणाबाई खाली बसत म्हणाली. "आधी ह्याला इचारा, आमची हान्या बरी हाय का? लेकरं किती हायत तिला?"

तादेकला 'हान्या' आणि 'लेकरं' एवढं समजलं असावं. त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. मग तो सरोजिनीबाईंशी हळू आवाजात बोलू लागला. बराच वेळ बोलला. बाईंनी सुरुवातीला मान डोलावली, मग त्यांची मान थांबली. त्यांनी एकदा चिमणाबाईकडं पाहिलं आणि नजर पटकन लिंबाकडं वळवली.

"सांगा की बाई. गप का झालासा?"

"मावशी, हान्या... लहानपणीच गेली."

"कुठं गेली?"

"म्हणजे आता ती नाही, मावशी. विलायतेला गेल्यावर तिसऱ्या थंडीत तिला मेंदूचा ताप आला. सहा-सात वर्षांची होती."

चिमणाबाई सरोजिनीबाईंच्या तोंडाकडं बघत राहिली, जणू अजून पुढं काही सांगायचं राहिलं आहे आणि ते आलं की हे पुसलं जाणार आहे. एवढी वर्षं तिनं जी वाढवली, जिला शाळेत घातलं, जिचं लग्न लावून दिलं, ती सहा वर्षांचीच राहिली होती.

तादेक बोलत होता आणि बाई तुटक तुटक सांगत होत्या. बाप चांगला होता. लेकीला जीव लावायचा, पण लेक त्याच्याजवळ जायची नाही. रोज दाराशी जाऊन बसायची. दवाखान्यात ताप डोक्यात गेला तेव्हा ती पोलंडचं बोलायची थांबली, इंग्रजीही बोलेना. कुठल्यातरी तिसऱ्याच भाषेत बोलू लागली. नर्स म्हणाली, तापात बरळतेय. बापाला एक शब्द समजेना. तादेक तेव्हा कामावरनं सुटला की खाटेशी येऊन बसायचा. बापानं त्याला विचारलं, "ही काय म्हणते आहे?" तादेक म्हणाला, "आईला बोलावतेय." बापानं खिशातनं मेलेल्या बायकोचा फोटो काढून लेकीपुढं धरला. हान्यानं त्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"काय म्हणत हुती?" चिमणाबाईनं विचारलं. आवाज कुठल्यातरी विहिरीतनं यावा तसा आला.

सरोजिनीबाई तादेककडं वळल्या, पण त्यांना विचारावं लागलं नाही. तो चिमणाबाईकडं बघत स्वतःच म्हणाला, "आये आली का?"

इतका वेळ एक मराठी वाक्य न जमणारा तो माणूस ते तीन शब्द असे बोलला की त्यात वळिवड्याच्या गल्लीतल्या पोराचा हेल जसाच्या तसा होता. आत चुलीपुढं लीलाचा हात थांबला.

"सारखं तेच," बाई म्हणाल्या. "शेवटचे दिवस फक्त तेच म्हणत होती."

"आणि तू काय सांगितलंस रं तिला?" चिमणाबाईनं थेट तादेकला विचारलं.

त्याला प्रश्न समजला. त्यानं ओठ दोनदा हलवले, शब्द शोधले.

"आली," तो म्हणाला. "दारात हाय."

मग तो मोठ्यानं रडला. पिकल्या केसांचा बाप्या, परक्याच्या ओट्यावर, दोन्ही हातांत तोंड घालून. सरोजिनीबाईंनी उरलेलं सांगितलं. ते ऐकल्यावर पोर शांत झोपली, सकाळी उठली नाही. चोचाला हे चिमणाबाईला कळवायचं होतं, पण कुठल्या भाषेत आणि कुठल्या तोंडानं, हे तिला कधीच उमगलं नाही. गेल्या साली ती वारली. मरताना तादेकला म्हणाली, तू जाऊन सांग, त्या बाईला वाट बघायला लावू नको.

चिमणाबाई उठून तादेकजवळ गेली. त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "गप. तू बरं सांगितलंस," ती म्हणाली. "तितं थंडी लई असती का रं? पांघरूण हुतं न्हवं तिला?"

बाईंनी विचारलं. होतं, तो म्हणाला, दोन होती. लोकरीची.

"मग बरं," चिमणाबाई म्हणाली आणि गोठ्याकडं गेली.

तिनं खराटा घेतला. सकाळीच झाडलेला गोठा ती पुन्हा झाडू लागली. एका कोपऱ्यापर्यंत झाडलं, आणि मग तिच्या तोंडातनं असा आवाज निघाला की दावणीच्या म्हशी बिचकून उभ्या राहिल्या. "म्या का न्हाय गेलो गं! आलोच म्हटलं आणि का न्हाय गेलो!" हंबीरराव धावला, लीला धावली. आईला कुणी आवरावं, कसं आवरावं, त्यांना कळेना. तिनं भिंतीला डोकं टेकलं होतं आणि ती जमिनीवर बसत चालली होती.

गणपतराव सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी पोरांना बाजूला केलं आणि बायकोच्या शेजारी खाली बसले. दोघांच्याही गुडघ्यांना शेण लागलं. ते म्हणाले, "तू गेली असतीस तर मी बी आलो असतो. पर आपल्याला कोण बसवून घेणार हुतं त्या गाडीत?"

पाहुणा न जेवताच उठला. निघताना त्यानं वाकून गणपतरावांच्या पायांना हात लावला, या वेळी अडखळला नाही. रिक्षा गेल्यावर, रडण्याचा आवाज ऐकून आलेली गल्लीतली म्हातारी आक्का दाराशी थबकली. माणसं मेल्यावर काय करायचं असतं, हे सगळं गाव आक्कालाच विचारायचं.

"आक्का," गणपतरावांनी विचारलं, "माणूस जाऊन लई वर्सं झाली आणि आज कळलं, तर सुतक किती?"

"वर्स उलटलं असंल तर सुतक न्हाय. नुसती आंगूळ," आक्का म्हणाली. "कोण गेलं?"

हंबीररावानं बापाकडं पाहिलं.

"थोरली," गणपतराव म्हणाले. "आमची थोरली लेक."

आक्का पदर डोक्यावरनं घेऊन आपल्या घराकडं वळली.

गणपतरावांनी न्हाणीतलं गार पाणी घागरीत भरून अंगणात आणलं. चिमणाबाईला हाताला धरून दगडावर बसवलं आणि तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, लुगड्यासकट. ती थरथरत होती, डोळे मिटून बसली होती. घागर रिकामी झाली तशी त्यांनी दुसरी भरून आणली आणि तिथंच, तिच्या शेजारी, अंगातला सदरा न काढता स्वतःच्या डोक्यावर पालथी केली.

घरची चूल लीलानं विझवली. दिवस मावळायच्या आत आक्काच्या घरनं भाकरी आणि पिठलं आलं.